परक्या हातचं पुरण

बायांनो, पदर सावरा, हातात चिमूटभर तांदूळ घ्या, लेकरं मांडीवर घ्या. ऐका टेकाईमाते, तुझी कहाणी.

कोण्या एके काळी एक नगर होतं. नगराला नदी होती, नदीपल्याड टेकडी होती, टेकडीच्या माथ्यावर टेकाईचं ठाणं होतं. नगरात कोष्ट्यांची आळी होती. त्या आळीत भिवरा नावाची बाई राहत होती. तिचा नवरा रखमाजी. ती लुगडी विणी, तो ती गावोगावच्या बाजारी विकायला जाई, संध्याकाळी घरी येई. घरात सासू होती, तिला भिवरा आत्याबाई म्हणे. दोन लेकी होत्या, थोरली ठकू, धाकटी बाळी. आत्याबाईंचे डोळे मंद झाले होते. चुलीपुढं बसलं की जाळ कुठं नि हात कुठं कळेना, म्हणून त्यांनी चूल सोडली होती. पण पाय मात्र डोळस. काठी टेकत टेकत रोज पहाटेच टेकडी चढून जात, देवीला हात जोडून खाली येत.

भिवरा लग्न होऊन घरात आली, तेव्हा आत्याबाईंनी तिला टेकाईचा वसा दिला. भिवरेनं विचारलं, “आत्याबाई, हा वसा कसा करावा?” आत्याबाई म्हणाल्या, “मंगळवारी उठावं, न्हाऊन चूल पेटवावी. आपल्या हातानं रांधावं. असेल ते रांधावं, भाजी असो, भाकरी असो, मिठाचं बोट असो. मग शिदोरी बांधावी, आपल्या पायानं टेकडी चढावी, घरची माणसं बरोबर घ्यावी. देवीला दाखवावं, मग तिथंच सगळ्यांनी गोल बसून खावं. आपला हात, आपला पाय, आपली माणसं. देवीला आणखी काही लागत नाही. घेशील तर निभव, निभवशील तर मिरवू नको.”

भिवरेनं वसा घेतला. मंगळवार येई, भिवरा भाकऱ्या थापी, लसणीची चटणी वाटी, लेकींना पुढं घालून टेकडी चढे. रखमाजी मागून पाण्याची घागर घेऊन येई. वर वारा खात सगळी जेवत. ठकूला पहिली भाकरी लागे, बाळीला शेवटची लागे, करपलेली. हसत, भांडत, खेळत दिवस जाई. घरात कुणाला औषधपाणी लागेना. अंगं काटक होती, मनं हलकी होती. अशी किती वर्षं गेली.

मग काय झालं? एक दिवस भिवरेनं विणलेलं लुगडं राणीच्या हाती पडलं. काठावर मोर होते, मोर कसले, आता नाचतील असे. राणीनं विचारलं, “हे कुणी विणलं?” शिपाई भिवरेला घेऊन गेले. राणी म्हणाली, “भिवरे, वाड्यामागं माझं मागघर आहे. माग आहेत, विणकर आहेत, बघणारं कुणी नाही. तू बघ.” भिवरा हरखली. मागघराची धनीण झाली.

काम मोठं, जबाबदारी मोठी. उजाडलं की भिवरा जाई, दिवेलागणीला येई. गादीवर बसून दिवसभर सूत बघावं, रंग बघावा, कुणाचा धागा तुटला तर सांगावं, कुणाचं भांडण झालं तर मिटवावं. काम तिला आवडलं. खोटं कशाला सांगू, फार आवडलं. चार माणसांत शब्दाला मान आला. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट पुढं झालं.

एका मंगळवारी राणीचा शालू मागावरून उतरायचा होता. भिवरेला चुलीपाशी बसायला सवड नाही. काय करावं? राजवाड्याच्या मुदपाकखान्यात सणाचा स्वयंपाक चालला होता. आचारी तव्यावरून पुरणपोळ्या उतरवत होता. भिवरेनं त्याच्याकडून थोड्या मागून घेतल्या, केळीच्या पानात बांधल्या, लेकींना घेऊन टेकडीवर गेली, देवीपुढं ठेवल्या. मनात म्हणाली, “देवी आईच आहे, आई समजून घेते.” देवी काही बोलली नाही.

घरी आली. उरलेली पोळी आत्याबाईंना वाढली. आत्याबाई म्हणाल्या, “अगंबाई, काय मऊ झालीय! तूच केलीस का गं?” भिवरेनं मान हलवली. तोंडानं काही बोलली नाही, नुसती मान हलवली. पण मंद डोळ्यांच्या माणसापुढं मान हलवून भागत नाही. आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, “तू केलीस?” तेव्हा भिवरा म्हणाली, “हो, मीच.”

दुसरा मंगळवार आला. भिवरेचे पाय बसून बसून जड झाले होते. टेकडी बघूनच छाती धडधडली. राणीनं कधीमधी बसायला मेणा दिला होता. भिवरा त्यात बसली, लेकींना आत घेतलं, भोयांनी थेट देवळाच्या दारात उतरवलं. मनात म्हणाली, “देवी आईच आहे, आई समजून घेते.” देवी काही बोलली नाही.

तिसरा मंगळवार आला. भिवरेला मागघरातून निघताच येईना. तिनं वाड्यातल्या सगुणा दासीला बोलावलं, पानात बांधलेल्या पोळ्या दिल्या, म्हणाली, “पोरींना घेऊन जा, नैवेद्य दाखवून आण.” मनात म्हणाली, “देवी आईच आहे, आई समजून घेते.” देवी काही बोलली नाही.

देवी बोलली नाही, तशी भिवरा निर्धास्त झाली. मग मंगळवारचं रोजचं झालं. रोज वाड्यातून पुडकं यावं, रोज तेच खावं. चुलीवर मांजर निजू लागलं. रखमाजी म्हणे, “वा, आपल्याकडं रोज सणच की!” पुडकं सोडी, जेवी, ढेकर देई. बाळी चार पावलं टाकी नि म्हणे, “मला उचल.” ठकू कोपऱ्यात बसून राही. भिवरेला उंबरा ओलांडताना धाप लागे. सगळ्यांची पोटं भरलेली, सगळ्यांची तोंडं सुकलेली. का, ते कुणी विचारलं नाही.

इकडं आळीत काय झालं? बाया म्हणू लागल्या, “भिवराबाईसारखी बाई नाही. मागघर सांभाळते, घर सांभाळते, देवीला दर मंगळवारी पुरण नेते.” पाणवठ्यावर तिला गाठून विचारू लागल्या, “कसं गं जमतं तुला हे सगळं?” भिवरेनं खरं सांगावं की नाही? नाही सांगितलं. पदर सावरला, हसली, म्हणाली, “मनात असलं की होतं सगळं.”

त्या बायांत पारू होती. पारूची मुलगी तान्ही होती. मागावर बसावं तर मुलगी रडे, मुलीला घ्यावं तर चूल विझे. पारू म्हणाली, “मला का जमत नाही? घरचे म्हणतात, भिवराबाईकडं बघ. मी बघते, आणि मला माझीच लाज वाटते.” भिवरेच्या ओठावर आलं होतं. आलं होतं आणि तिनं ते गिळलं. पारूच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, “जमेल, जमेल.” आणि घागर न भरताच निघून गेली.

पुढं चैत्र आला. राणीनं वाड्यात हळदीकुंकू केलं. सगळ्या आळ्यांच्या बाया आल्या. भिवराही नटूनथटून आली, लेकींना घेऊन आली. बाया कैरीची डाळ खात बसल्या, पोरी अंगणात भातुकली खेळू लागल्या. कुणी सासू झालं, कुणी सून झालं. ठकू म्हणाली, “मी आई होते.”

ठकूनं बाहुलीचं लुगडं पदरासारखं डोक्यावर घेतलं. फाटकातून लगबगीनं आत आली. पानाचं पुडकं जमिनीवर टाकलं, म्हणाली, “घ्या, खा. मला वेळ नाही.” बाळीनं हात वर केले, “आई, उचल.” ठकू म्हणाली, “आई दमलीय. सगुणाला सांग.” मग ती दगडावर टेकली, धापा टाकल्या, पुडक्याकडं बोट दाखवून म्हणाली, “आणि आजीनं विचारलं ना, तर सांगायचं आईनंच केलंय.”

बाया हसू लागल्या. राणीही हसली. मग एकेकीचं हसू थांबलं. कुणी डाळीच्या वाटीत बघू लागलं, कुणी बांगड्या चाळवू लागलं. पारू मात्र भिवरेकडं बघत राहिली. भिवरेला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. हातातलं कुंकू सांडलं.

भिवरा उठली, ठकूचं मनगट धरलं, ओढत बाहेर आणलं. भर रस्त्यात तिच्या पाठीत धपाटा घातला, म्हणाली, “खोटं का बोललीस चारचौघींत?”

ठकू म्हणाली, “मी कुठं बोलले, आई? मी तर खेळत होते.”

भिवरेचा हात खाली आला. तीच खरं बोलायची वेळ होती. पण लाजेनं माणूस शहाणं होतंच असं नाही, कधी आणखी वेडं होतं. भिवरा राणीकडं गेली, म्हणाली, “बाईसाहेब, पोर काहीबाही बोलली. टेकाईच्या जत्रेला मानाचा नैवेद्य मी नेते. पुरण माझ्या हातचं, वाट माझ्या पायाची.” राणीनं तिच्याकडं बघितलं, म्हणाली, “ने.”

जत्रेचा दिवस आला. भिवरेनं चूल पेटवली का? नाही. किती दिवसांत हात पिठाला लागला नव्हता, पोळी फाटली तर काय, याचं भय वाटलं. गुपचूप आचाऱ्याकडून पोळ्या आणवल्या, चांदीच्या ताटात रचल्या, वर रेशमी रुमाल घातला. ताट डोक्यावर घेऊन निघाली. पुढं ढोल, मागं बाया, बायांत आत्याबाई काठी टेकत, पारू मुलीला कडेवर घेऊन, ठकू बाळीचा हात धरून.

टेकडीचं पहिलं वळण आलं. तिथं एक म्हातारी बसली होती. अंगावर जुनेर, केस पिंजारलेले. म्हणाली, “बाई बाई, पोटात आग पडलीय. घरचा एक घास दे.” भिवरा म्हणाली, “देवीचं आहे, उष्टं होईल.” पुढं गेली.

दुसरं वळण आलं. भिवरेला धाप लागली. बघते तो तीच म्हातारी पुढं बसलेली! म्हणाली, “बाई बाई, घरचा एक घास दे.” भिवरेला बोलवेना. मान हलवली, पुढं गेली.

तिसरं वळण आलं. भिवरेच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, ती मटकन खाली बसली. ढोल थांबले. म्हातारी समोरच होती. म्हणाली, “ठेव ते ताट. हे कुणाच्या हातचं?”

भिवरा म्हणाली, “माझ्या.”

म्हातारीनं पुन्हा विचारलं, “हे कुणाच्या हातचं?”

भिवरा म्हणाली, “माझ्या.”

म्हातारीनं तिसऱ्यांदा विचारलं, “लेकी, हे कुणाच्या हातचं?”

भिवरेनं मागं बघितलं. सगळ्या बाया ऐकत होत्या. भिवरा म्हणाली, “माझ्याच.”

म्हातारीनं रुमाल उचलला. ताटात पोळ्या नव्हत्या. ओल्या मातीच्या चकत्या होत्या, एकावर एक नीट रचलेल्या. बायांनी तोंडावर पदर घेतले. बघतात तो म्हातारीही तिथं नाही. कुणी म्हणालं, “देवीनं नाकारला नैवेद्य!” कुणी म्हणालं, “हे काय केलं हिनं?” भिवरा त्या मातीकडं बघत राहिली. डोळे वर उचलायचं बळ तिच्यात नव्हतं.

ठकूनं हे सगळं बघितलं. तिला वाटलं, मी त्या दिवशी तसं खेळले, म्हणून आईवर हे आलं. पोर रडवेली झाली. बाळीचा हात धरून वाट सोडून वर झाडीत पळाली. तेवढ्यात वरून धुकं उतरलं. हाताला हात दिसेना.

भिवरा ओरडली, “ठके! बाळे!” उत्तर नाही. उठली, धावायला गेली. दहा-पाच पावलं गेली असेल नसेल, श्वास कोंडला, पाय मुडपले, पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. दगडाला धरून उठली, तिथंच बसली. आपली पोरं वर आहेत नि आपले पाय आपल्याला तिथं नेत नाहीत. बायांनो, बाईच्या जिवाला याहून दुसरं काय लागायचं?

आत्याबाई तिच्या बाजूनं पुढं गेल्या. काठी टेकत, ठाम पावलं टाकत. धुक्यानं त्यांना काय फरक पडणार होता? जाता जाता म्हणाल्या, “तू बस, भिवरे.” रागानं म्हणाल्या नाहीत. मायेनंच म्हणाल्या. तेच तिला जास्त लागलं.

भिवरा बसली. बायाही थांबल्या. कुणी तिच्याजवळ गेलं नाही. तिनं कितीदा हाक मारली, हाक धुक्यात विरली.

ऊन कलताना धुकं फाटलं. आत्याबाई उतरताना दिसल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ठकूचा हात, ठकूच्या पाठीवर बाळी. गुडघे खरचटलेले, गालांवर माती. भिवरेनं हात पसरले. ठकू आली नाही. आजीच्या लुगड्याआड लपली, म्हणाली, “आजी, आईला सांग ना. मी आता आई आई खेळणार नाही.”

भिवरेनं पसरलेले हात हळूच मिटले.

घरी गेली. भिंतीकडं तोंड करून निजली. मागघरातून बोलावणं आलं, गेली नाही. रखमाजीनं विचारलं, तोंड वळवलं नाही. आत्याबाईंनी पाणी दिलं, घोटभर घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उठली, एकटीच नदी ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी आली. तिथं ती म्हातारी बसली होती.

भिवरेनं तिचे पाय धरले, म्हणाली, “माय, मी तुझ्याशी खोटं बोलले.”

म्हातारी म्हणाली, “माझ्याशी बोललीस ते मी कधीच विसरले. मला कोण कोण काय काय सांगतं! पण त्या बायांशी बोललीस, त्याचं काय? त्या तुझ्याकडं बघून घरोघरी रडत होत्या.”

भिवरा म्हणाली, “मला लाज वाटते.”

म्हातारी म्हणाली, “वाटू दे. लाजेनं कुणी मेलं नाही. पण मला सांग, मी पुरण कधी मागितलं होतं?”

भिवरेनं तिचे पाय आणखी घट्ट धरले.

“मेणा कधी मागितला होता? चांदीचं ताट कधी मागितलं होतं? एक भाकरी मागितली होती. तुझं काम सोड, असंही मी म्हटलं नव्हतं. लोकांनी वाहवा करावी म्हणून तू ताट मोठं केलंस, मग ते तुलाच पेलेना. आणि वसा घराचा होता, तो एकटीच्या डोक्यावर का घेतलास? घरात दुसरे हात नाहीत?”

भिवरा रडू लागली. म्हणाली, “माय, उतलेली मी, आता पुन्हा वसा कसा घेऊ? माझ्यानं माथ्यावर चढवत नाही.”

म्हातारी म्हणाली, “जिथवर दम पुरेल तिथवर ये. जिथं दम सरेल तिथं पान मांड. मी काय वरच बसून असते होय?” एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

भिवरा परतली ती घरी गेली नाही, पाणवठ्यावर गेली. बाया घागरी भरत होत्या. तिला बघून बोलणं थांबलं. भिवरा पायऱ्यांवर उभी राहिली. म्हणाली, “बायांनो, मी दर मंगळवारी नेलेलं पुरण वाड्यातलं होतं. टेकडी मी मेण्यात बसून चढले. नंतर नंतर चढलेच नाही. घरात माझ्या चूल पेटत नाही. मला हे सगळं जमत नव्हतं. जमतं, असं मी तुम्हाला खोटंच सांगितलं.”

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग पारू पुढं आली. तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, “मी माझ्या तान्हीवर ओरडत होते गं. तुझ्यासारखं होत नाही म्हणून ओरडत होते. मागं एकदा तिला पाळण्यात रडत टाकून पुरण वाटत बसले.”

भिवरेनं मान खाली घातली. क्षमा मागावी म्हटलं तर मागवेना, शब्दच लहान वाटले. पारूनं घागर उचलली नि ती निघून गेली. कहाणीत लगेच गोड होतं, असं तुम्हाला वाटेल. नाही झालं. पारू पुढं कितीतरी दिवस भिवरेशी बोलली नाही. तिचं चुकलं नव्हतं.

मग भिवरा घरी आली. रखमाजी घरीच होता. त्याला म्हणाली, “अहो, मला एकटीनं होत नाही.”

रखमाजी खाली बघत म्हणाला, “मला दिसत होतं. आयतं मिळत होतं, म्हणून मी न दिसल्यासारखं केलं. पुडकं कुणी आणलं, कसं आणलं, कधी विचारलं नाही. तुला एकटीला काय म्हणून लाज?” उठला, चुलीवरचं मांजर हाकललं, राख काढली. फुंकर घातली तर राख तोंडावर उडाली. बाळी हसली. फार दिवसांनी घरात कुणी हसलं.

मग भिवरा राणीकडं गेली. खरं सांगितलं. म्हणाली, “बाईसाहेब, मंगळवारची सकाळ मला द्या. मागघर सोडायचं नाही मला.” राणीनं तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, “भिवरे, तुझ्या पोरीचा खेळ बघून मी हसले होते. नंतर आठवलं, माझा लेक दाईला आई म्हणतो.” राणीनं हुकूम काढला, मंगळवारी सकाळी मागघर बंद. सगळ्या विणकरांना सुट्टी.

पुढला मंगळवार आला. भिवरा न्हाली. रखमाजीनं चूल पेटवली, पीठ मळलं, फार मऊ मळलं. भिवरेनं भाकरी थापली. एक तुटली, एक जळली, एक बरी झाली. मिरची भाजून मिठात चेचली. फडक्यात बांधली, सगळी निघाली. आत्याबाई पुढं, रखमाजी घागर घेऊन मागं. बाळी म्हणाली, “उचल.” भिवरा म्हणाली, “माझ्यानंच चालवत नाही, बाळे. आपण दोघी हळूहळू जाऊ.” दोघी हळूहळू गेल्या.

पहिल्या वळणाशी भिवरेला दम लागला. तिथंच थांबली. वाटेनं जाणाऱ्या बाया बघत होत्या. बघू देत. भिवरेनं धोंड्यावर पान मांडलं, भाकरी ठेवली, हात जोडले. कुणी आलं नाही. म्हातारी आली नाही, धुकं आलं नाही. भिवरेनं भाकरी मोडली, एक तुकडा ठकूपुढं धरला. ठकू लांबच उभी होती. आजीकडं बघितलं, मग पुढं आली, तुकडा घेतला, चावला. म्हणाली, “आई, ही आत कच्ची आहे.”

भिवरा म्हणाली, “हो गं. कच्चीच आहे.”

ठकूनं आणखी एक तुकडा घेतला आणि आईच्या शेजारी बसली.

असे मंगळवार येत गेले. कधी भाकरी बरी होई, कधी नुसते पोहे भिजवून न्यावे लागत. कधी मागघरातल्या कामानं जीव मेटाकुटीला येई आणि वाड्यातलं पुडकंही येई. पण ते आलं की भिवरा सांगे, “हे वाड्यातलं.” कुणी म्हणालं, “भिवराबाई, तुमचं आता छान चाललंय,” तर तिचे कान लाल होत, ती म्हणे, “आज चाललंय, परवा नव्हतं चाललं.” आळीतल्या बायाही बरोबर येऊ लागल्या. जिचा दम जिथं सरे, तिचं पान तिथं. टेकडीभर पंगती दिसू लागल्या. एक दिवस पारू आली. भिवरेच्या पानाशेजारी तिनं आपली भाजी ठेवली. भिवरेनं तिच्या मुलीला मांडीवर घेतलं.

पहिल्या वळणाचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं झालं. पावसाळा सरून गवत पिवळं पडलं, तेव्हा एका मंगळवारी भिवरा माथ्यावर पोचली. देवीपुढं बसली. अंगाला घाम होता, श्वास मोठा होता, पण पुरत होता. देवी काही बोलली नाही. सोन्याचा पाऊस पडला नाही, घराचा वाडा झाला नाही. भिवरा वाट बघत बसली.

इतक्यात ठकू नि बाळी गवतातून पळत सुटल्या. लांबून ओरडल्या, “आई, धर!”

भिवरा उठली. पदर खोचला. धावली. गवत पायाला लागत होतं, वारा कानात भरत होता, छाती दुखत होती, तरी धावली. ठकूनं मागं वळून बघितलं, आणखी जोरात पळाली. भिवरेनं तिला माथ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गाठलं, कमरेला धरलं, दोघी गवतात पडल्या, बाळी वरून येऊन पडली.

एवढंच फळ. टेकाईनं तिला एवढंच दिलं, आणि भिवरा तिथं पडल्या पडल्या रडली.

जशी टेकाई भिवरेला पावली, तशी तुम्हा-आम्हाला पावो. हातात भाकरीपुरतं बळ राहो, पायात लेकरामागं धावण्यापुरतं बळ राहो, तोंडात जमलं नाही हे सांगण्यापुरतं बळ राहो. तांदूळ देवीला वाहा, बायांनो. सांगणारीला पुण्य, ऐकणारीला विसावा. लांबच लांब होती कहाणी, थोडक्या बोलांत आटपली, देवीच्या पायी रुजू झाली.